पाहुणे तितके वाडगे

"श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका. सोडा." एवढ्या बोलण्यावर त्या माणसाची सारी नोकरी निघाली होती. इस्पितळाच्या तळमजल्यावर, लांबलचक बोळाच्या टोकाला, बाहेर ऊन आहे की आभाळ आलंय तेही कळू नये अशा खोलीत तो एक्स-रे काढायचा. कुणाचा पाय, कुणाची छाती, कुणाच्या लेकराने गिळलेलं बटण. आत येणारा माणूस एकतर घाबरलेला असायचा नाहीतर रांगेत उभा राहून वैतागलेला. हसत कुणी यायचं नाही, आणि यावं अशी त्याचीही अपेक्षा नव्हती. रांगेतले लोक त्याला एक्स-रेवाले म्हणायचे, डॉक्टर 'अहो एक्स-रे' म्हणायचे, आणि घरी बायको भांडण रंगात आल्यावर सांगायची, की यांना कितीही बोला, यांच्या तोंडून फार तर 'हलू नका' एवढंच निघेल.

तो भांडत नसे हे खरंच होतं. कुणाला नाही म्हणणंही त्याला जमत नसे. सुट्टीच्या दिवशी कुणाची पाळी बदलून हवी असली, की लोक सरळ त्याच्याकडे यायचे. तो मान हलवायचा आणि घरी येऊन बायकोची बोलणी खायचा. बायको पडदे, उशांचे अभ्रे, सोफ्याची कव्हरं शिवायची. बोलता बोलता तिचं मशीन चालूच असायचं, त्यामुळे बोलण्यालाही टाके पडत जायचे.

घराच्या मागे पत्र्याची एक खोली होती. मुळात ती अडगळीची. लेक अगदी लहान असताना एक फर्निचरवाला दुकान बंद करत होता, त्याच्याकडून एक्स-रेवाल्याने लाकूड कातायचं जुनं लेथ मशीन आणून त्या खोलीत बसवलं. का आणलं, हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. इस्पितळातून परत येताना रोज त्या दुकानासमोरून यायचा आणि काचेतून ते फिरणारं लाकूड बघत उभा राहायचा, एवढंच. शिकवणारं कुणी नव्हतं. पहिली दोन वर्षं त्याने नुसतं लाकूड वाया घालवलं. पटाशी जरा तिरपी लागली की लाकडात रुतायची, ठोकळा मशीनवरून सुटून भिंतीवर आदळायचा, आणि स्वयंपाकघरातून बायको विचारायची, "आहात ना?"

मग हळूहळू हात बसला. ओबडधोबड ठोकळा मशीनवर लावायचा. सुरुवातीला तो थडथडतो, सगळं टेबल हलवतो. पटाशीने बाहेरून कातत गेलं की थडथड कमी होत जाते, आणि एका क्षणी लाकूड गोल होतं. तेव्हा आवाज बदलतो. आदळआपट जाऊन एकसुरी गुणगुण उरते. मग ठोकळा उलटा लावून आतून पोकळ करायचा, ढलप्यांच्या लांब फिती हातावरून खांद्यापर्यंत उडतात. मग पॉलिश पेपर, आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी फडक्याने तेल. कोरडं, फिक्कं लाकूड तेल पिताच गडद होतं, आतल्या रेषा वर येतात. त्या एका गोष्टीसाठी तो हे सगळं करायचा. तेल लावून झालं की वाडगा उजेडाकडे धरून बघायचा आणि खिडकीत ठेवून द्यायचा. पुढे त्या वाडग्याचं काय होईल, याचा विचार तो करत नसे.

विचार बायकोला करावा लागे. फ्रिजवर वाडगे, कपाटावर वाडगे, पलंगाखाली वाडगे. एकात तिची बटणं, एकात चाव्या, एकात घरातल्या सगळ्या संपलेल्या बॅटऱ्या. ओळखीपाळखीच्या प्रत्येकाला एकेक देऊन झाला होता, काहींना दोनदा. नातेवाइकांत त्याचं नाव वाडगेबुवा पडलं होतं. तो ऐकून घ्यायचा. दिवसभर मोडलेली माणसं बघून आल्यावर एक-दीड तास दार लावून त्या गुणगुणीत उभं राहायला मिळालं, की दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जाता यायचं. त्याबदल्यात कुणी वाडगेबुवा म्हटलं तर म्हणो.

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा जावयाच्या घरची मंडळी जेवायला आली. जावयाची आई शांत, नीटनेटकी बाई होती. जेवण झाल्यावर तिने टेबलावरचा तुतीच्या लाकडाचा वाडगा हातात घेतला, उलटा करून बूड पाहिलं, काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, की असं काही बाजारात मिळत नाही हो. तिने ते मनापासून म्हटलं होतं. एक्स-रेवाल्याच्या कानांपर्यंत लाली आली.

एवढ्यावर ते थांबलं असतं. पण टेबलाशी बायकोचा थोरला भाऊ बसला होता. त्याला घरात सगळे पुढारी म्हणत. कारण कुणाच्याही घरी काहीही निघालं, बारसं असो की पाण्याची गळती, तो पुढे होऊन सूत्रं हातात घ्यायचा. माणूस मनाने वाईट नव्हता. लोकांच्या अडीअडचणीला धावून जायचा. फक्त अडचण नसली तर ती तयार करून धावून जायचा. त्याने हात वर केला, सगळ्यांना गप्प केलं आणि जाहीर केलं, "ठरलं. लग्नात रिटर्न गिफ्ट काय द्यायचं, याचा प्रश्न सुटला. पाहुणे तितके वाडगे! मुलीच्या बापाच्या हातचे. काय भाऊजी?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जावई म्हणाला, भारी कल्पना आहे. एक्स-रेवाल्याने लेकीकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, डोळे मोठे करून, लहानपणी फुगेवाल्यासमोर उभी राहायची तशी. त्याने मान हलवली.

पाहुणे मंडळी गेल्यावर बायको भांडी आवरता आवरता म्हणाली, की तुम्हाला होईल का एवढं? तो म्हणाला, होईल. मग दोघांनीही तो विषय काढला नाही.

आतापर्यंत तो लाकूड मिळेल तसं आणायचा. कुठे झाड पडलं, कुणी फांद्या छाटल्या, की तो पिशवी घेऊन हजर. आणलेले ठोकळे टोकांना मेण लावून वर्ष-वर्ष खोलीच्या कोपऱ्यात वाळत पडायचे. आता एवढ्या वाडग्यांना वाळलेलं लाकूड आणायचं कुठून? पुढाऱ्याने ओळखीच्या वखारवाल्याला सांगितलं आणि एका सकाळी दारात टेम्पो उभा राहिला. ओंडके ताजे होते. हात लावला की गारवा जाणवायचा, नख टोचलं की पाणी दिसायचं. एक्स-रेवाला म्हणाला, की हे ओलं आहे, याला वेळ द्यावा लागेल. पुढारी म्हणाला, वेळ तर आपल्याकडे नाही. आणि संध्याकाळी तो स्वतःच्या घरचा हीटर घेऊन आला. खोलीत लावा, आठवड्यात खणखणीत वाळेल. ओलं लाकूड घाईने वाळवलं की काय होतं, हे एक्स-रेवाल्याला चांगलं ठाऊक होतं. तो बोलला असता. पण पुढारी हीटरची वायर सोडवत खाली बसला होता, धापा टाकत होता, आणि एवढं जड धूड उचलून आणलेल्या माणसाला परत पाठवणं त्याच्या जिवावर आलं.

मग तो कामाला लागला. इस्पितळातून यायचं, चहा घ्यायचा आणि खोलीत शिरायचं. पहिल्या आठवड्यात बरं वाटलं. दुसऱ्यात पाठ बोलायला लागली. तिसऱ्यात उजवा खांदा असा धरला, की सकाळी शर्टाच्या बाहीत हात घालताना बायकोला मदत करावी लागे. पुढारी दर रविवारी पाहणीला यायचा. वाडगे सगळे एकाच मापाचे हवेत, म्हणजे एका खोक्यात बसतील. बुडावर दोघांच्या नावांची आद्याक्षरं हवीत. काठ जरा पातळ करा, नाजूक दिसेल. एक्स-रेवाल्याने पुठ्ठ्याचं माप कापून भिंतीला टांगलं आणि प्रत्येक वाडगा त्याला लावून बघायला लागला. आजवर त्याने एकसारखे दोन वाडगे केले नव्हते. लाकूड जसं असेल तसा वाडगा व्हायचा. गाठ आली तर गाठीला वळसा घालून, एका बाजूला रंग वेगळा असेल तर तो काठावर येईल असं बघून. आता गाठ आली की तो चडफडायचा, आणि तो ठोकळा बाजूला फेकून दुसरा घ्यायचा.

कधी बदललं ते त्याला सांगता आलं नसतं, पण मशीनची ती गुणगुण त्याला सोसेनाशी झाली. इस्पितळात बसला असताना कुठे पंखा घरघरला, तरी दात शिवशिवायचे. नाकात भुसा, कानात भुसा, जेवताना घासाला तेलाचा वास. बायको आता शिवण बाजूला ठेवून वाडग्यांना तेल लावायला बसायची. दोघं समोरासमोर, खाली वर्तमानपत्र, मध्ये तेलाची वाटी. लाकूड तेल पिऊन गडद होताना तिने पहिल्यांदाच एवढ्या जवळून पाहिलं. "छान दिसतं हो हे," ती म्हणाली. त्याने वर पाहिलंच नाही. त्याचं लक्ष उरलेल्या ढिगाकडे होतं.

लेकही नोकरी करायची, आठवड्याचे सहा दिवस. घरी आली की खोलीत डोकावून जायची. "किती झाले, बाबा?" तिला ते विचारण्यात कोण आनंद होता. तो सांगायचा, होतायत.

एक दिवस इस्पितळात एक म्हातारी बाई आली. जिन्यावर पडली होती, मनगट सुजलं होतं. बरोबर कुणी नव्हतं. एक्स-रेवाल्याने तिला खुर्चीवर बसवलं, तिचा हात घेतला, प्लेटवर ठेवला, बोटं सरळ केली, नेहमीचं बोलला, हलू नका, आणि फोटो काढला. अर्ध्या तासाने ती चिठ्ठी घेऊन परत आली. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'उजवा हात!' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. त्याने डाव्याचा फोटो काढला होता. सूज उजव्या हातावर होती, डोळ्यांना दिसेल एवढी. इतक्या वर्षांत त्याच्याकडून असं झालं नव्हतं.

त्याने माफी मागितली. म्हातारी उजवा हात पोटाशी धरून उभी होती. तो म्हणाला, "आजी, मी चुकीचा हात घेतला, तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही घेतलात," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

बोलण्यात तक्रार नव्हती, आणि त्यानेच त्याला जास्त लागलं. डॉक्टरांनी बोळात सगळ्यांदेखत दोन शब्द सुनावले, तेही त्याने ऐकून घेतले. घरी आल्यावर चहाचा कप हातात तसाच राहिला. बायकोने विचारलं तर म्हणाला, काही नाही. उठला आणि खोलीत गेला. त्या संध्याकाळी त्याने जे वाडगे केले ते इतके वाईट होते, की एरवी त्याने चुलीतही घातले नसते. त्याने ते इतरांबरोबर फळीवर लावून ठेवले.

लग्नाला थोडे आठवडे उरले होते. एका सकाळी बायको केर काढायला मागच्या खोलीत गेली आणि तिथूनच तिने हाक मारली. हाक साधीच होती, पण ती केरसुणी तशीच हातात धरून उभी होती. फळ्यांवर ओळीने मांडलेल्या वाडग्यांना तडे गेले होते. एखाद्‌दुसऱ्याला नव्हे. बोट घालून बघावं असे, काठापासून बुडापर्यंत उभे चिरत गेलेले तडे. काही वाडगे वाकडे होऊन लंबगोल झाले होते. हीटर कोपऱ्यात तांबडालाल तापून चालूच होता. ती उभी असतानाच वरच्या फळीवर आणखी एकाने कट्‌ करून आवाज केला.

एक्स-रेवाला दारात आला. फळ्या पाहिल्या. बायकोला वाटलं, आता हे खाली बसतील. तिने केरसुणी टाकून स्टूल पुढे ओढलं. पण त्याने एक मोठा श्वास सोडला, आणि त्याचे खांदे इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सैल पडलेले तिने पाहिले. त्याला सुटल्यासारखं झालं होतं. ते त्याचं त्यालाही कळलं आणि लगेच लाजही वाटली. लेकीच्या लग्नाचे वाडगे फुटले आणि बापाला हायसं वाटतंय, म्हणजे काय माणूस म्हणायचा आपण?

त्याने हीटर बंद केला आणि कामावर गेला. दिवसभर प्रत्येक हात, प्रत्येक पाय दोनदा विचारून घेतला.

संध्याकाळी लेक आली तेव्हा बायकोने तिला आधीच सांगून ठेवलं होतं. ती थेट मागच्या खोलीत आली. एक फुटका वाडगा उचलून पाहिला. म्हणाली, की बाबा, काही हरकत नाही, अजून वेळ आहे, मामा दुसरं लाकूड आणेल, मी रजा काढते, मी पण मदतीला बसते.

"मला जमणार नाही," तो म्हणाला.

"आपण सगळे मिळून करू ना."

"तसं नाही." त्याला शब्द जुळवायला वेळ लागला. "तडे गेले म्हणून म्हणत नाही. गेले नसते तरी मला हे नको होतं. मला या खोलीत यायची भीती वाटायला लागलीय."

लेकीने वाडगा खाली ठेवला. "मग हो कशाला म्हणालात?"

"हो म्हटलं नव्हतं. मान हलवली."

"बाबा, तुमचं हो आणि नाही दोन्ही सारखंच दिसतं. आम्ही कसं ओळखायचं?"

 ती जायला वळली, दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबून, त्याच्याकडे पाठ करून बोलली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "मी लहान असताना या दाराबाहेर बसायचे. मशीन बंद झालं की तुम्ही बाहेर याल म्हणून. तुम्ही यायचात, हात धुवायचात, जेवायचात आणि झोपायचात. मला ते वाडगे आवडायचेच नाहीत तेव्हा, राग यायचा त्यांचा. मामाने त्या दिवशी म्हटलं ना, तेव्हा वाटलं, चला, या खोलीतून एकदा तरी काहीतरी माझ्यासाठी बाहेर येईल." मग ती घरात गेली.

तो स्टुलावर बसला. बाजूला भुशाचा ढीग होता, त्याच्यातून तो बोटं फिरवत राहिला. कितीतरी गोष्टी सांगता आल्या असत्या. की दिवसभर लोकांची दुखणी अंगाला चिकटून यायची, ती घेऊन लेकराजवळ जायला नको वाटायचं. की एक तास कुणी काही मागत नाही, एवढंच हवं असायचं. सगळं खरं होतं. पण दाराच्या पलीकडे कुणीतरी वाट बघत बसलंय, हे त्याला आजपर्यंत माहीत नव्हतं, आणि त्याच्यापुढे ते सगळं सांगणं लंगडं पडत होतं.

बायको त्याला जेवायला बोलवायला आली तेव्हा त्याने विचारलं, "ती खरंच बाहेर बसायची?"

"बसायची की. गृहपाठ तिथेच करायची."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही दमून यायचात," बायको म्हणाली. "म्हटलं, राहू दे."

पुढाऱ्याला फोन करून सांगायचं काम बायकोने अंगावर घेतलं. पलीकडून बराच वेळ आरडाओरडा ऐकू येत होता. तिने फोन कानापासून लांब धरला आणि शेवटी म्हणाली, की दादा, ते दमलेत, संपला विषय. आपल्या वतीने कुणी एवढं स्पष्ट बोललेलं एक्स-रेवाल्याने पहिल्यांदा ऐकलं. पुढारी फार तर एक दिवस रुसला. दुसऱ्या दिवशी त्याला नवीन कल्पना सुचली आणि त्याने कुठल्याशा रोपवाटिकेतून पाहुणे तितकी कुंड्यांतली रोपं आणवली. ऐनवेळी मी सावरलं, असं तो लग्नाच्या हॉलच्या दारात उभा राहून प्रत्येकाला सांगत होता. बरीच रोपं खुर्च्यांखाली राहून गेली. वाडग्यांची आठवण कुणाला झाली नाही. जावयाच्या आईला झाली असेल, पण ती बोलली नाही.

लेक त्या दिवसांत बापाशी कामापुरतं बोलत होती. बाबा, यादीतलं हे नाव राहिलं. बाबा, गाडी कितीला सांगायची. लग्नाच्या दिवशी लोकांना भेटत उभी राहून तिचे पाय भरून आले. भेटायला येणाऱ्यांची रांग संपत नव्हती. तिने आजूबाजूला पाहिलं आणि बाप जवळ दिसला तेव्हा हळूच म्हणाली, "बाबा, पाय दुखतायत." त्याने कुठूनतरी खुर्ची आणली, तिच्या मागे ठेवली, आणि पुढाऱ्याने घाई करायच्या खुणा करूनही रांग थांबवून धरली. "दोन मिनिटं थांबा," तो लोकांना म्हणाला. लोक थांबले. ती बसली, सँडलमधून टाचा काढल्या. 

लग्नानंतर कितीतरी महिने मागच्या खोलीत कुणी फारसं गेलं नाही. मशीनवर बायकोने पडद्याचं उरलेलं कापड टाकलं होतं. फुटके वाडगे पोत्यात भरून एका थंडीच्या आठवड्यात पाणी तापवायला वापरले, चांगले जळले. एक्स-रेवाला कामावरून यायचा आणि आडवा व्हायचा. झोप लागायची असं नाही, पण डोळे मिटून पडून राहायचा. बायकोला काळजी वाटायची. ती विचारायची, जात नाही का हो मागे? तो म्हणायचा, "दमलोय." आधी हा शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला नव्हता. आता तो रोज म्हणायचा, आणि बायको त्यावर काही न बोलता पायांवर चादर टाकायची. पाळी बदलून मागायला आलेल्या एका सहकाऱ्याला त्याने तेच सांगितलं. तो बिचारा इतका गोंधळला, की सॉरी म्हणून निघून गेला.

लेक अधूनमधून यायची. फोनवर आईशी बोलायची, आणि शेवटी म्हणायची, बाबांना दे. मग दोघं हवापाण्याचं बोलायची.

एका रविवारी दुपारी ती एकटीच आली. बायको पडद्यांची मापं घ्यायला गेली होती. लेकीचा चेहरा उतरला होता. घरापासून नोकरी लांब पडत होती, घरी गेल्यावर पुन्हा स्वयंपाक, सासऱ्यांचं पथ्य. सासरचे लोक चांगले होते, तक्रार काही नव्हती, दिवस पुरत नव्हता एवढंच. हे तिने सांगितलं नाही. चहाचा कप तोंडाशी नेताना तिचा हात जसा जड झाला होता, त्यावरून त्याने ओळखलं. आयुष्यभर हात बघितले होते त्याने.

"थोडा वेळ पडतेस?" त्याने विचारलं.

"नको. पडले की डोक्यात सगळं फिरत राहतं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुमचं मशीन चालू आहे का?"

तो म्हणाला, बरेच दिवस लावलं नाही. तिने विचारलं, आता लावता येईल का, मी नुसती बसते.

त्याला नको होतं. खरंच नको होतं. नुसत्या विचाराने खांदा दुखला. तो तसं सांगणारही होता. पण मग तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मला फारसं जमणार नाही आज. पण लावतो."

त्याने कापड काढलं, पट्टा ताणून पाहिला, तेलाचे दोन थेंब सोडले. कोपऱ्यात जुन्यापैकी एक वाळलेला ठोकळा सापडला. लेक उलट्या ठेवलेल्या खोक्यावर भिंतीला टेकून बसली. त्याने तिला तोंडाला बांधायला फडकं दिलं, स्वतःही बांधलं. ठोकळा थडथडायला लागला. तिने मोठ्याने विचारलं, याचं काय होणार? तोही मोठ्याने म्हणाला, "अजून ठरलं नाही. बहुतेक वाडगाच." ती फडक्याआड हसली, हे त्याला डोळ्यांवरून कळलं.

हात आखडले होते. पटाशी दोनदा घसरली. पण ठोकळा गोल होत गेला, थडथड जिरली, आणि खोलीभर ती एकसुरी गुणगुण पसरली. तिला काही समजावून सांगावं असं त्याच्या मनात आलं, पटाशी कशी धरायची, वाडग्याचं पोट कसं कोरायचं. त्याने मान वळवली तर ती झोपली होती. मान एका बाजूला कलली होती, केसांत ढलप्या अडकल्या होत्या, मांडीवरचे हात उताणे पडले होते.

तो थांबणार होता. हात दुखत होते आणि आजच्यापुरतं झालंही होतं. बटणाकडे हात नेला आणि त्याच्या लक्षात आलं, की आवाज बंद झाला तर ही जागी होईल. लहान पोरं होतात तशी. मग त्याने पटाशी बाजूला ठेवली, स्टूल ओढून मशीनशेजारी बसला, आणि न कातता, लाकूड नुसतंच फिरू दिलं. दुपार उतरत चालली होती. बायको परत आली, मशीनचा आवाज ऐकून मागे आली, काही बोलणार तोच त्याने तोंडावर बोट ठेवलं. तिने एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा त्या नुसत्याच फिरणाऱ्या लाकडाकडे, आणि मापांची टेप गळ्यात तशीच ठेवून ती पाय न वाजवता परत गेली.